नोबितासाठी डोळे का भरून येतात?

प्रश्न : माझी नऊ वर्षांची नात हिंदीतून लागणारे डोरेमॉनचे कार्टून नेमाने पाहते. त्यातला नोबिता परीक्षेत शून्य गुण मिळवतो, आईपासून उत्तरपत्रिका लपवतो, दुपारभर लोळतो आणि अडचणीत सापडला की डोरेमॉन या निळ्या यंत्रमांजराकडे रडत धावतो. तरीही परवा त्याच्यासाठी नातीच्या डोळ्यांत पाणी आले. रेघांनी काढलेल्या, शिवाय इतके दोष असलेल्या पात्राबद्दल खरी सहानुभूती वाटू शकते का? आणि वाटत असेल, तर त्याचे दोषही मुलांना आवडू लागतील, अशी काळजी करावी का?
– एक आजोबा, सांगली

उत्तर : आपल्या शंकेचे दोन भाग आहेत, एक रेघांचा आणि दुसरा दोषांचा. रेघांचा भाग तुलनेने सोपा आहे. 1944 साली अमेरिकेतील स्मिथ कॉलेजात फ्रित्झ हायडर आणि मारियान सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी एका लहानशा चित्रफितीवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्या फितीत एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण आणि एक छोटे वर्तुळ एका चौकटीच्या आतबाहेर फिरत होते. बाकी काही नव्हते. ती पाहणाऱ्या 34 विद्यार्थिनींच्या पहिल्या गटात जे दिसले त्याचे निव्वळ भूमितीच्या भाषेत वर्णन करणारी एकच निघाली. उरलेल्यांनी सजीवांची गोष्ट सांगितली, आणि मोठा त्रिकोण बहुतेकींना दांडगट वाटला. ज्या मनाला त्रिकोणाचाही राग येतो, त्याला चष्मा लावलेल्या, रडक्या चेहऱ्याच्या मुलाची कणव यावी यात नवल नाही.

दोषांच्या भागाकडे मात्र सावकाश पाहायला हवे. डोरेमॉनची चित्रकथा जपानमध्ये 1969 च्या अखेरीस सुरू झाली आणि तिच्यावरची दीर्घकाळ चाललेली दूरचित्रवाणी मालिका 1979 मध्ये. फुजिको एफ. फुजिओ या नावाने लिहिणारे हिरोशी फुजिमोतो यांनी नोबिता आपल्याच बालपणावरून घडवला, असे ते सांगत. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण या मुलाकडे लेखक कोठेही वरून पाहत नाही. नोबिताला यंत्र मिळते, तो त्याचा हावरटपणे वापर करतो आणि अखेरीस तेच यंत्र त्याच्यावर उलटते. बहुतेक गोष्टींचा हा ठरलेला क्रम असल्यामुळे त्याच्या आळसाची किंमत तोच मोजतो आणि पाहणाऱ्या मुलाला ती पुढून येताना दिसत असते. म्हणून आपल्या नातीला आळसच आवडू लागेल, असे मला वाटत नाही.

पण किंमत मोजल्याने दया येते, माया जडत नाही. माया जडण्यासाठी त्या पात्राला काय हवे आहे आणि ते कोणावर जीव लावते, हे दिसावे लागते. नोबिताची एक गोष्ट यासाठी अवश्य पाहावी. आजीच्या आठवणीने व्याकूळ झालेला नोबिता कालयंत्रात बसून मागे जातो, तिच्या समोर उभा राहतो आणि शेवटी धीर करून आपण कोण ते सांगतो. समोरचा शाळकरी मुलगा म्हणजेच आपला लहानगा नातू, या अशक्य गोष्टीवर आजी क्षणाचाही विलंब न लावता विश्वास ठेवते. शून्य गुणांचा हिशेब तेथे कोणी काढत नाही. दुसऱ्या एका गोष्टीत, नोबिताशी होणाऱ्या लग्नाच्या आदल्या रात्री त्याच्या मैत्रिणीचे, शिझुकाचे, वडील मुलीची समजूत घालतात. ते नोबिताच्या हुशारीबद्दल काहीही बोलत नाहीत. हा मुलगा दुसऱ्याच्या सुखाने सुखावतो आणि दुसऱ्याच्या दुःखाने हळहळतो, एवढेच त्यांना पुरेसे वाटते. आपल्या नातीला बहुधा हाच नोबिता दिसला असावा.

याच मालिकेतील दांडगट जियानकडे पाहिले तरी हे कळते. तो सर्वांना बदडतो, वस्तू हिसकावून घेतो, म्हणून तो नकोसा वाटतो. परंतु चित्रे काढणाऱ्या आपल्या धाकट्या बहिणीला, जायकोला, कोणी दुखावले तर तो कळवळतो आणि त्या वेळी मुलांना तोही आपला वाटतो. त्याचा दोष तेवढाच राहतो. दिसते ती त्याची ओढ.

प्रश्न : ‘बोजॅक हॉर्समन’ ही प्रौढांसाठीची मालिका मी पूर्ण पाहिली. घोड्याच्या तोंडाचा तो व्यसनी नट जवळच्या प्रत्येकाचे नुकसान करतो, तरी मला त्याच्यासाठी वाईट वाटत राहिले आणि त्याची लाजही वाटली. सहानुभूती म्हणजे त्याच्या कृत्यांना संमती का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही, आणि 2014 ते 2020 या काळात सहा पर्वांत चाललेल्या या मालिकेने हेच जाणीवपूर्वक दाखवले, असे माझे मत आहे. राफाएल बॉब-वॅक्सबर्ग यांनी निर्मिलेल्या या मालिकेत बोजॅकच्या आईपासूनच पाहा. तीन पर्वे ती केवळ निष्ठुर भासते. चौथ्या पर्वात तिची स्मृती ढासळत असताना आपण तिच्या मनातून तिचे बालपण पाहतो: युद्धात भाऊ गेलेला, त्या दुःखाने खचलेल्या आईच्या मेंदूवर शस्त्रक्रिया केलेली, वडील कठोर. हे समजल्यावर तिने मुलाला दिलेला जाच पुसला जात नाही. तो कोठून आला, एवढे उमगते.

बोजॅकच्या बाबतीत लेखकांनी याहून अवघड काम केले. बोजॅकने पूर्वी काम केलेल्या एका मालिकेत त्याच्या मुलीची भूमिका करणारी सारा लिन तिसऱ्या पर्वात त्याच्याबरोबरच्या नशेच्या फेऱ्यानंतर मरते आणि आपण त्याच्या अपराधी मनाबरोबर हळहळतो. सहाव्या पर्वात कळते, की ती शेवटच्या घटका मोजत असताना स्वतःला वाचवण्यासाठी त्याने मदत बोलवायला 17 मिनिटे लावली होती. आपण तीन पर्वे ज्याच्यासाठी हळहळलो, त्याच्याकडे आता ही 17 मिनिटे धरून पाहावे लागते. आपल्याला वाटलेली लाज या जागेची आहे आणि ती खोटी नाही. ज्याची बाजू आतून समजली, त्याच्या अपराधाचा सलही अधिक खोल जातो. परक्या माणसाबद्दल आपण केवळ रागावून मोकळे झालो असतो.

म्हणूनच मालिकेचा शेवट मला प्रामाणिक वाटतो. लग्नसमारंभ खाली चालू असताना बोजॅक आणि त्याची मैत्रीण डायन छतावर बसून बोलतात. या दोघांची ही शेवटची भेट असू शकते, हे त्यांनाही ठाऊक आहे. बोलणे संपते, दोघे वर आकाशाकडे पाहत राहतात आणि कोणीही कोणाला क्षमा केल्याचे सांगत नाही.