सोसायटीतील नव्या सभासदाने आधी काय करावे?

डोंबिवलीतील नव्या घराबद्दल आपले अभिनंदन. रंगकाम आणि पडदे थोडे थांबू शकतात. आधी शेअर सर्टिफिकेट (सोसायटीतील आपल्या भागांचा आणि सभासदत्वाचा दाखला) आपल्या नावावर करून घ्या, कारण अनेक नवे सभासद नोंदणीकृत करारावरच समाधान मानतात आणि पुढे घर विकताना अडतात. समितीने या नावबदलासाठी ‘देणगी’ मागितल्यास लक्षात ठेवा, की महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्याची, म्हणजे घर नव्या सभासदाच्या नावावर करताना सोसायटी घेते त्या रकमेची, कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे. नामनिर्देशनाचा (नॉमिनी नेमण्याचा) अर्जही लगेच भरा.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे गळतीवरून किंवा पार्किंगवरून रागाच्या भरात मेंटेनन्स थांबवणे. त्याने व्याज चढते आणि थकबाकीदाराच्या तक्रारीला वजन राहत नाही. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. (वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांशी मात्र आधी चहावर बोला.) बाकीचे उपविधी, म्हणजे सोसायटीचे नियम, सवडीने वाचता येतील.