कापलेलं शुल्क आणि विधिमंडळाची मंजुरी

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या मॉर्गनटाउनला त्यांचा संगणक दुरुस्तीचा छोटा व्यवसाय आहे. एका सरकारी विभागाकडून येणाऱ्या बिलांच्या पैशांतून चार महिने ‘व्यवहार शुल्क’ वळतं होतंय. विचारलं तर राज्य ऑडिटरच्या नियमाकडे बोट दाखवतात. हाती आलेल्या नियमाच्या प्रतीवर मात्र ‘प्रस्तावित’ असं छापलंय. हे शुल्क द्यायलाच हवं का, आणि कापलेले पैसे परत मिळतील का?

तो ‘प्रस्तावित’ शब्द तुमच्या फार कामाचा आहे, पण एवढ्याच कागदावर भांडायला जाऊ नका.

ऑडिटर म्हटलं की आपल्याला हिशेब तपासणारा माणूस आठवतो. तिथला राज्य ऑडिटर निवडून येतो आणि राज्याची देणीही त्याच्याच कार्यालयातून चुकती होतात. त्यामुळे व्यवहार शुल्काचा नियम त्याने करावा यात नवल नाही. मात्र नियम करणं वेगळं आणि तो तुमच्यावर बंधनकारक होणं वेगळं. महाराष्ट्रात नियम बहुधा राजपत्रात आला की लागू होतो आणि नंतर सभागृहापुढे ठेवला जातो. वेस्ट व्हर्जिनियात क्रम उलटा आहे. लोकांवर बंधन घालणारा नियम आधी लोकांच्या हरकतींसाठी खुला होतो, मग विधिमंडळाच्या नियम-पुनरीक्षण समितीकडे जातो आणि त्यानंतर तो अधिकृत करणारं विधेयक मंजूर व्हावं लागतं. १९८१ साली ‘बार्कर विरुद्ध मॅन्चिन’ खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने विधिमंडळाची नियमांवरची नकाराधिकाराची पद्धत घटनाबाह्य ठरवली. विधेयकाची ही वाट आली ती त्यानंतर.

‘प्रस्तावित’ छापलेली प्रत ही मंजुरी मिळण्याआधीची असू शकते. म्हणून शुल्क कापायला सुरुवात झाली त्या तारखेशी नियमाच्या तारखा जुळवा. अधिकृत करणारं विधेयक कधी मंजूर झालं, ते कधीपासून अंमलात आलं आणि ऑडिटरने अंतिम नियम राज्य सचिवांच्या (सेक्रेटरी ऑफ स्टेट) कार्यालयात कधी दाखल केला, या तिन्ही तारखा काढा. विधेयक सर्वसाधारणपणे मंजुरीनंतर ९० दिवसांनी लागू होतं. दोन तृतीयांश मतांनी ही मुदत बदलता येते. शुल्क ‘आणीबाणीच्या नियमा’खाली कापलं असेल, तर मात्र तुमचा मुद्दा लंगडा पडतो, कारण असा नियम विधिमंडळाच्या मंजुरीआधीच लागू होतो आणि १५ महिन्यांपर्यंत चालू शकतो. तुमच्या करारातही शुल्काचं कलम असेल तर तेही आधी वाचा. पुष्कळ जण ते नंतर पाहतात आणि मग पस्तावतात.

कागद माहिती अधिकारात मागा. तिथे उत्तराची मुदत कामाचे ५ दिवस आहे. नियमच बेकायदा आहे असं दिसलं, तर त्याच्या वैधतेसाठी कनॉव्हा परगण्याच्या सर्किट न्यायालयात दाद मागता येते.

पैसे परत मिळवणं ही निराळी लढाई आहे आणि याबाबत मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. राज्याला न्यायालयात प्रतिवादी करता येणार नाही, असं त्यांच्या राज्यघटनेतच आहे. पैशांचा दावा सहसा विधिमंडळाच्या दावे आयोगापुढे जातो आणि आयोगाने मान्य केला तरी विधिमंडळाने त्यासाठी तरतूद करावी लागते. रक्कम छोटी असेल तर आधी त्या विभागाला आणि ऑडिटरच्या कार्यालयाला लेखी पत्र द्या: कोणत्या नियमाखाली आणि कोणत्या तारखेपासून कापलं, तेवढंच विचारा. उत्तर हाती आलं की तिथल्याच परवानाधारक वकिलाकडे सगळे कागद घेऊन जा. तोपर्यंत पुढच्या प्रत्येक बिलासोबत ‘शुल्कावर आक्षेप राखून’ असं लिहीत चला.