मुलगा पहिल्यांदाच शिपवर गेलाय, सहा दिवस झाले एक मेसेज नाही. बाकीचे आईवडील संपर्कात कसे राहता?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा डेक कॅडेट, म्हणजे शिकाऊ ऑफिसर, म्हणून सिंगापूरला जॉईन झाला, शिप रिकामी ब्राझीलला निघालीय, निघताना "नेट मिळालं की मेसेज करतो" म्हणाला आणि त्यानंतर काहीच नाही, मिस्टर म्हणतायत थांब आणि तुम्हाला वाटतंय कंपनीला फोन लावावा. तर आधी सरळच सांगते, ह्या रस्त्यावर सहा दिवस म्हणजे काहीच नाहीत. सिंगापूर सोडलं की थोड्याच दिवसांत अख्खा हिंदी महासागर सुरू होतो, मग आफ्रिकेच्या खालून वळसा घालून अटलांटिक, साधारण महिनाभराचा प्रवास आहे, मधे टॉवर नाही, किनारा नाही, जे काय आहे ते शिपच्या सॅटेलाइटवर, आणि नवीन पोराला तर त्या वायफायचा पासवर्ड आणि कोटा मिळेपर्यंतच आठवडा जातो. त्यात पहिल्या शिपवर बोट लागते ती वेगळी. पोटात अन्न ठरत नसताना कोण आईला फोन करणार, सांगा.

आमचा मुलगा आता सेकंड मेट आहे, म्हणजे कॅप्टनच्या हाताखालचा ऑफिसर, बल्क कॅरिअरवर, म्हणजे धान्यासारखा सुटा माल नेणाऱ्या शिपवर. आम्ही नाशिकरोडचे, हे प्रेसमधून रिटायर झाले. देवळाली जवळ असल्यामुळे आमच्याकडे फौजेतलं कुणी ना कुणी असतंच, पण शिपवरचं कुणाला काही माहीत नाही, आपल्याकडे पाणी म्हणजे गंगा, म्हणजे आपली गोदावरी, आणि फार तर गंगापूर धरण. त्यामुळे जे शिकले ते पोराला विचारून विचारून शिकले आणि माझं मत असं झालंय की फोन किती वेळा येतो ह्यापेक्षा शिपवरचा दिवस कसा असतो हे घरच्यांना कळलं ना, की अर्धी काळजी तिथेच संपते.

म्हणजे बघा, वॉच, म्हणजे पहाऱ्याची ड्यूटी, असते चार तासांची, मग आठ तास सुट्टी, परत चार तास. थर्ड मेटची 8 ते 12, सेकंड मेटची 12 ते 4, चीफ मेटची 4 ते 8, आणि हे दिवसा पण आणि रात्री पण. तुमच्या मुलाला कॅडेट म्हणून कधी ब्रिजवर, म्हणजे जिथून शिप चालवतात तिथे, उभं करतील, कधी दिवसभर बोसनच्या, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाच्या, हाताखाली गंज खरवडायला आणि रंग मारायला लावतील, त्यामुळे त्याचं टाइमटेबल त्यालाच नीट सांगता येणार नाही. त्यात शिपचं घड्याळ सारखं बदलतं. ब्राझील आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे आणि चीन अडीच तास पुढे, म्हणजे ब्राझीलहून चीनला जाताना वाटेत 11 वेळा घड्याळ एकेक तास पुढे करतात आणि तेवढ्या वेळा ह्यांचा दिवस 23 तासांचा होतो. मागच्या आठवड्यात रात्री नऊला मोकळा असायचा म्हणून ह्या आठवड्यातही असेल असं नसतं. मी फ्रिजवर एक कागद लावलाय, त्यावर शिपचा टाइम आणि आपला टाइम, तो सांगेल तसं पेन्सिलीने बदलते. आमचे हे आधी हसायचे, आता स्वतःच खोडरबर घेऊन उभे असतात.

पोर्टला लागली की निवांत बोलेल असं सगळ्यांना वाटतं, ते तर एकदम उलटं आहे. पोर्टमधेच जास्त राबतात. माल चढतो उतरतो, सहा तास काम सहा तास आराम चालू होतं, तपासणीवाले येतात, एजंट येतो, सर्व्हेअर येतो. तो ब्राझीलला पोचला आणि दोन दिवस काही आलं नाही तर रुसू नका. निवांत बोलणं होतं ते शिप बाहेर अँकरेजला, नांगर टाकून, नंबर लागायची वाट बघत उभी असते तेव्हा, किंवा मधल्या समुद्रात रविवारी. आणि रविवारी भारतीय क्रू असला की बहुतेक शिपवर बिर्याणी असते हे लक्षात ठेवा, बोलायला विषय मिळतो.

नेटचं सांगते. आता बऱ्याच शिपवर स्टारलिंक आलंय, व्हिडिओ कॉल पण होतो, पण जुन्या सिस्टिमच्या शिप अजून आहेतच आणि तिथे महिन्याला मोजून डेटा मिळतो. खलाशांसाठी जो आंतरराष्ट्रीय करार आहे, मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन 2006, भारताने तो 2015 मधे मान्य केलाय, त्यातल्या नव्या सुधारणा 23 डिसेंबर 2024 पासून लागू झाल्या आणि त्यात शक्य असेल तिथे क्रूला इंटरनेट द्यायचं आणि पैसे घेतलेच तर वाजवी घ्यायचे असं आलंय. म्हणजे ही काही मालकाची मेहेरबानी राहिलेली नाही, पण "शक्य असेल तिथे" हे शब्द आहेतच. तर डेटा मोजका असेल तर पहिलं काम म्हणजे पोराला नात्यातल्या त्या मोठ्या ग्रुपमधून बाहेर काढा. खरंच सांगते. सकाळी सकाळी गणपतीचे आणि फुलांचे चाळीस फोटो येतात, कुणाच्या बारशाचा व्हिडिओ येतो, ते सगळं त्याच्या कोट्यातून आपोआप डाउनलोड होतं आणि मग आईशी बोलायला शिल्लक राहत नाही. आमच्या नणंदबाईंना राग आला होता, दोन महिने बोलल्या नाहीत, चालतं. आम्ही तिघांचाच वेगळा ग्रुप केलाय.

आणि जिथे नेट भरपूर आहे तिथे नवीनच दुखणं सुरू झालंय, आया दिवसातून पाच वेळा व्हिडिओ कॉल करतात. करू नका. नियमाप्रमाणे त्यांना 24 तासांत किमान 10 तास आणि आठवड्यात 77 तास विश्रांती मिळायलाच हवी, आणि ती कशासाठी ठेवलीय, तर रात्री दोनला ब्रिजवर उभं राहून समोर मच्छीमारांच्या होड्या दिसल्या पाहिजेत म्हणून. ती झोप आपणच खायची का?

मग बोलायचं कसं, तर व्हॉइस नोट. त्याला वेळ मिळेल तेव्हा ऐकतो, पुन्हा ऐकतो. आमचे हे सकाळी भाजी आणायला जातात तेव्हा फोन शर्टाच्या खिशात चालू ठेवतात, त्यात कोथिंबिरीच्या जुडीवरून घासाघीस, मधेच रिक्षाचा हॉर्न, मग कुणीतरी "काय साहेब, पोरगा कुठंय सध्या" विचारतो आणि हे मोठ्या ऐटीत काहीतरी चुकीचा देश सांगतात. मुलगा म्हणतो बाबांच्या नोटा मेसमधे सगळे ऐकतात, बिहारचा तो इंजिन रूममधला मोटरमन पण, त्याला मराठी येत नाही तरी हसतो. मी मात्र मोजकं पाठवते, आणि "जेवलास का" हा प्रश्न बंद केलाय कारण त्याचं उत्तर "हो" एवढंच येतं. त्यापेक्षा कुकने आज काय बिघडवलं, केबिनच्या खिडकीतून काय दिसतं, तुझा कॅडेट कसा आहे असं विचारलं की पोरगं दहा मिनिटं बोलतं. आणि बोलण्यातून कळतं हो. कामाला शिव्या घालतोय म्हणजे ठीक आहे. सगळं "मस्त आहे, मस्त आहे" म्हणायला लागला की मी कान टवकारते.

तुम्ही ते जहाज ट्रॅक करायचं अ‍ॅप टाकलंय आणि त्यात शिप चार दिवसांपूर्वीच्या जागेवर दिसतेय म्हणून जास्त घाबरलात ना? ते असं असतं, शिपवरून एआयएसचा, म्हणजे शिपची ओळख आणि जागा कळवणाऱ्या यंत्रणेचा, सिग्नल जातो तो किनाऱ्यावरच्या स्टेशनला साधारण 40 सागरी मैलांपर्यंतच मिळतो, त्यापुढे सॅटेलाइटने पकडतात आणि ते बघायला बहुतेक अ‍ॅपवर पैसे पडतात. फुकटात बघणाऱ्याला शिप किनारा सोडला तिथेच थांबलेली दिसते. शिप थांबलेली नाही, आपला नकाशा थांबलाय. शोधताना नावाने शोधू नका, एकाच नावाच्या बऱ्याच शिप असतात, सात आकडी आयएमओ नंबर विचारून ठेवा, शिपचं नाव बदललं मालक बदलला तरी तो बदलत नाही. आणि त्यात डेस्टिनेशन म्हणून जे दिसतं ते शिपवरच्या माणसाने हाताने टाकलेलं असतं, आमच्याकडे ते काम मुलाचंच आहे, कधीकधी पुढचं पोर्ट ठरलेलंच नसतं तर "फॉर ऑर्डर्स" लिहितात, त्यावरून अर्थ काढत बसू नका.

टीव्हीचं तर बोलायलाच नको. नोव्हेंबर 2023 पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हा "भारतीय खलाशी संकटात" एवढी पट्टी आली की आमच्या बिल्डिंगमधले लोक विचारायला यायचे, आणि मुलगा तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या बाजूला. आधी शिपचं नाव बघा, मग रडा. बरं, शिपवर काही घडलं आणि फोन लागत नसला म्हणजे वाईटच झालंय असंही नाही. 26 मार्च 2024 ला अमेरिकेत बाल्टिमोरला डाली नावाची शिप पुलावर आदळली, तिच्यावरचे बहुतेक सगळे भारतीय होते आणि सुखरूप होते, पण तपासासाठी त्यांचे मोबाईल काढून घेतले. घरच्यांशी बोलायची पंचाईत, आणि कितीतरी आठवडे शिपवरून उतरता पण येईना.

आता कंपनीला फोन करायचा का. प्रत्येक शिप रोज दुपारी ऑफिसला नून रिपोर्ट पाठवते, आज कुठे आहोत, वेग किती, तेल किती शिल्लक, त्यामुळे शिप कुठे आहे हे ऑफिसला रोजच्या रोज माहीत असतं. तुम्ही क्रूइंग डिपार्टमेंटला, म्हणजे शिपवर माणसं पाठवणाऱ्या विभागाला, फोन करून शिपचं नाव सांगितलं आणि "शिप आणि क्रू ठीक आहे ना" एवढंच विचारलं तर दोन मिनिटांत उत्तर मिळतं, त्यात लाजायचं काही नाही. अजून चार दिवस थांबलात तरी चालेल, पण रात्री झोप लागत नसेल तर उद्याच विचारा. फक्त "माझा मुलगा फोनच करत नाही" अशी तक्रार करू नका, कारण मग ऑफिस कॅप्टनला मेल टाकतं, कॅप्टन सगळ्यांसमोर कॅडेटला म्हणतो जा बाबा आईला फोन कर, आणि पुढचे सहा महिने त्याची चेष्टा होते.

घरात एका वहीत सगळं लिहून ठेवा. शिपचं नाव, आयएमओ नंबर, शिपचा ईमेल, कंपनीचा चोवीस तासांचा नंबर, कंपनीचा आरपीएसएल नंबर (खलाशी भरतीच्या सरकारी लायसन्सचा), सीडीसी (खलाशाचं ओळखपुस्तक) आणि पासपोर्टची झेरॉक्स, काँट्रॅक्टची कॉपी. कंपनीत एक डीपीए असतो, शिपवरच्या माणसाला थेट तक्रार करता येईल असा किनाऱ्यावरचा माणूस, त्याचा नंबर शिपवर लावलेलाच असतो, तो पण मागून घ्या. उद्या तिथे कुणी त्रास दिला, छळलं, तर तो उपयोगी पडतो. खलाशांसाठी काम करणाऱ्या इस्वान संस्थेची सीफेररहेल्प म्हणून फुकट हेल्पलाइन पण आहे, चोवीस तास, हिंदीतही बोलतात, मुलाला सांगून ठेवा. "तुमच्या मुलाला पोर्टवर कस्टमने पकडलंय, लगेच पैसे टाका" असा कुणाचा फोन आला तर फोन ठेवून त्या वहीतल्या नंबरवरच खात्री करायची, आलेल्या नंबरवर नाही. आणि शिप कुठे आहे ते फेसबुकवर टाकत बसू नका, कुणाला काय करायचंय.

दुसरं, घरातली वाईट बातमी. बरेच जण म्हणतात उतरल्यावर सांगा, तिथे बिचारा एकटा काय करणार. मला हे अजिबात पटत नाही. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा मुलगा सोयाबीन भरून ब्राझीलहून चीनला निघालेला, 35-40 दिवसांचा रस्ता, मधे उतरायचा प्रश्नच नाही, आणि पोर्ट आलं तरी बदली माणूस आल्याशिवाय सोडत नाहीत. आम्ही आधी ऑफिसला कळवलं, ऑफिसने कॅप्टनला, कॅप्टनने त्याची वॉच संपेपर्यंत थांबून मग केबिनमधे बोलावून सांगितलं आणि शिपचा सॅटेलाइट फोन हातात देऊन स्वतः बाहेर गेले. त्या रात्रीची वॉच बाकीच्या दोघांनी वाटून घेतली. वॉचवर उभं असताना मोबाईलवर अचानक मेसेज बघण्यापेक्षा हे बरं, म्हणून आधी ऑफिस. दहाव्याला गंगेवर पिंड ठेवला तर कावळे झाडावर बसलेत पण खाली येईनात, जो तो काही ना काही कबूल करतोय, शेवटी ह्यांनी मोठ्याने सांगितलं, "आई, नातू सुखरूप आहे, आला की त्र्यंबकला नेतो त्याला," तेव्हा शिवला. दुपारी शिपवरून मेसेज, "कावळा शिवला का?" लपवलं असतं तर हे त्याने कुणाला विचारलं असतं?

आणि हो, काँट्रॅक्ट नऊ महिन्यांचं आहे म्हणालात. कागदावर नऊ असतं, पण साइन ऑफ, म्हणजे शिपवरून उतरणं, होतं ते रिलीव्हर, म्हणजे बदली माणूस, आल्यावर आणि सोयीचं पोर्ट लागल्यावर, त्यात महिना इकडेतिकडे होतोच. आमच्याकडे पुतणीचं लग्न मुलाची तारीख धरून ठरवलं, हॉल बुक केला, आणि हा आला तेव्हा मांडववाला हिशोब करून गेलेला. त्यामुळे त्याच्या भरवशावर मुंज, वास्तुशांत काही ठरवू नका. शिपचं नाव सांगितलंत तर मी मुलाला विचारून बघते, त्याच रस्त्यावर असतो तो बऱ्याचदा, त्या भागात नेट कितपत मिळतं ते तरी कळेल.