लेझर आणि स्टेंट एकाच बाजूला असेल तर मॉडिफायर ५९ लावू नका

तुमची केस अशी आहे: उजव्या युरेटरमध्ये (मूत्रवाहिनीत) खडा, युरेटेरोस्कोपी करून, म्हणजे आत दुर्बीण घालून, लेझरने फोडला, तुकडे बास्केटने काढले, शेवटी डबल-जे स्टेंट (मूत्रवाहिनी मोकळी ठेवणारी नळी) ठेवला. तुम्ही ५२३५३ (खडा फोडणे), ५२३५२ (खडा काढणे) आणि ५२३३२ (स्टेंट) असे तीन सीपीटी कोड, म्हणजे अमेरिकी बिलिंगमधले प्रक्रियांचे कोड, लावले. पहिल्याचे पैसे आले, बाकीचे दोन नाकारले गेले. आता त्या दोघांना ५९, म्हणजे 'हे वेगळं काम आहे' असं सांगणारा मॉडिफायर (कोडला जोडायची खूण), लावून परत पाठवायचे का, असं विचारताय. कृपा करून पाठवू नका. डिनायल बरोबर आहे, चूक कोडची आहे.

२०१४ च्या आधी ५२३५३ आणि ५२३३२ असे दोन्ही लावायचे. म्हणूनच काही जुन्या टीममध्ये नवीन लोकांना अजून तसंच शिकवलं जातं. २०१४ मध्ये ५२३५६ आला आणि एकाच बाजूची लिथोट्रिप्सी (खडा फोडणं) व स्टेंट त्या एका कोडात आले. त्याच खड्याचे फोडलेले तुकडे बास्केटने उचलणं हेही त्याच कामात धरतात, ५२३५२ वेगळा मिळत नाही. तुमच्या केसला एकच ओळ: ५२३५६, आरटी (उजवी बाजू).

५२३३२ वेगळा केव्हा? उजवीकडे लेझर आणि स्टेंट, डावीकडे फक्त स्टेंट असेल तेव्हा. मग ५२३५६ ला आरटी, ५२३३२ ला एलटी (डावी बाजू) आणि ५९. मॉडिफायर अशा जागेसाठी आहे. मात्र केसदरम्यान घातलेला आणि तिथंच काढून घेतलेला कॅथेटर म्हणजे स्टेंट नव्हे, त्याला ५२३३२ नाही.

हे सगळं ऑप नोटच्या, म्हणजे ऑपरेशनच्या नोंदीच्या, मजकुरातूनच ठरवा, वरच्या मथळ्यावरून नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी मथळ्यातलं 'दोन्ही बाजूंना स्टेंट' वाचून ५० (दोन्ही बाजू दाखवणारा मॉडिफायर) लावला होता. आत लिहिलं होतं की डावीकडे फक्त रेट्रोग्रेड (औषध सोडून काढलेला एक्स-रे) केलं आणि युरेटर मोकळा दिसल्याने स्टेंट ठेवला नाही. ऑडिटमध्ये ते सापडलं. न झालेल्या कामाचे पैसे मागितले गेले होते, त्याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून आधी मजकूर वाचते, बाजू कागदावर लिहून घेते आणि मगच कोड बघते.

डायग्नोसिसही तपासा. नुसता युरेटरचा खडा असेल तर आजाराचा कोड एन२०.१. पण खड्यामुळे किडनीला सूज आल्याचं, म्हणजे हायड्रोनेफ्रोसिस, डॉक्टरांनी लिहिलं असेल तर फक्त एन१३.२. दोन्ही एकत्र लावत नाहीत.

पुढे स्टेंट काढायला पेशंट येईल. ५२३५६ चा ग्लोबल, म्हणजे नंतरची देखभाल त्याच पैशांत धरायचा काळ, शून्य दिवसांचा आहे, त्यामुळे सिस्टोस्कोपीने (मूत्राशयात दुर्बीण घालून) स्टेंट काढला तर ५२३१० मिळतो. बाहेर ठेवलेली दोरी ओढून काढला तर मिळत नाही, कारण सिस्टोस्कोपी झालेलीच नसते. ईएसडब्ल्यूएलची (शरीराबाहेरून लहरींनी खडा फोडण्याची), म्हणजे ५०५९० ची, सवय असलेले इथे गोंधळतात, कारण तिथं ग्लोबल ९० दिवसांचा असतो.

आता क्लेमचं. ५२३५३ चे पैसे आलेत, म्हणून नवा क्लेम टाकू नका, डुप्लिकेट म्हणून परत येईल. खासगी इन्शुरन्स असेल तर क्लेम फॉर्मच्या बॉक्स २२ मध्ये ७ (दुरुस्त क्लेमची खूण) आणि मूळ क्लेमचा नंबर टाकून दुरुस्त क्लेम पाठवा. मेडिकेअर (अमेरिकेचा सरकारी विमा) असेल तर ७ चालत नाही, रीओपनिंग, म्हणजे तोच क्लेम पुन्हा उघडून घेणं, मागावं लागतं. दोन्हीकडे मुदत असते, आजच तारीख बघा.