तुर्कस्तानच्या ‘मोगोल्लार’चा इतिहास काय, आणि तसा सायकेडेलिक पॉप बँड आपल्या खान्देशात का झाला नाही?

हा प्रश्न दोन दिवस नुसता पाहत होतो, उत्तर देणार नव्हतो. पण प्रश्नाखाली तुम्ही जे जोडलंय, ‘आपल्याकडे लग्नाच्या बँडचा गोंगाट सोडून होतं काय’, ते काही घशाखाली उतरेना. माझे वडील बँजो पार्टी चालवायचे. बोरी नदीच्या काठी, अमळनेर तालुक्यात आमचं गाव. सात माणसं, एक हातगाडी, दोन भोंगे. त्याच गोंगाटावर माझी शाळेची फी भरली गेली.

आधी मोगोल्लार उरकतो. १९६७ साली इस्तंबूलमध्ये जमलेली पोरं. नावाचा अर्थ मंगोल लोक. उच्चारताना मधला ग जवळजवळ गिळतात. ही मंडळी वर कशी आली ते नीट बघा. तिथल्या ‘हुर्रियेत’ या वर्तमानपत्राने १९६५ पासून सलग चार वर्षं ‘सोनेरी मायक्रोफोन’ नावाची स्पर्धा भरवली. वाद्यं पाश्चात्त्य चालतील, पण गाणं तुर्की पाहिजे, अशी अट. अंतिम फेरीतल्या बँडना गावोगाव फिरवायचे. मोगोल्लार १९६८ मध्ये तिसरे आले. पुढे अनातोलियाच्या, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियातल्या भागाच्या, खेड्यापाड्यांतून फिरून त्यांनी बाग्लामा (लांब मानेचं तारवाद्य), झुर्ना, दाऊल अशी वाद्यं गिटार-ऑर्गनच्या शेजारी आणून बसवली आणि १९७० मध्ये या प्रकाराला ‘अनाडोलू पॉप’ असं नावही देऊन टाकलं. तारवाद्यांवर जाहित बेर्काय, ऑर्गनवर मुरात सेस. पॅरिसला जाऊन केलेल्या एलपीला, म्हणजे मोठ्या तबकडीला, १९७१ मध्ये फ्रान्सच्या शार्ल क्रो अकादमीचा पुरस्कार मिळाला. बारिश मांचो आणि जेम काराजा हे दोन मोठे गायक त्यांच्याबरोबर गाऊन गेले. १९७६ मध्ये बँड फुटला, १९९३ मध्ये पुन्हा जमला. मधल्या काळात १९८० चं लष्करी बंड झालं. काराजा तेव्हा जर्मनीत होता, त्याचं नागरिकत्वच काढून घेतलं, मायदेशी यायला त्याला १९८७ उजाडलं. बाकी तारखा-वारखा तुम्हाला कुठेही मिळतील.

आता यातलं झुर्ना आणि दाऊल म्हणजे काय? आपली सनई आणि ढोल. तिथेही ती लग्नातच वाजतात. म्हणजे तुम्ही ज्याला डोक्यावर घेताय तोही अर्धा लग्नाचा बँडच आहे, फक्त त्याची तबकडी निघाली.

आपल्याकडेही तेव्हा स्पर्धा होती. एका सिगारेटच्या नावाने भरायची, सिमला बीट. १९७० आणि १९७१ च्या स्पर्धेतल्या बँडच्या एलपीसुद्धा निघाल्या, आज परदेशातले शौकीन त्या शोधत फिरतात. पण ती सगळी शहरातली पोरं आणि गाणी इंग्रजी. आपल्या भाषेत गा, अशी अट कोणी घातली नाही. समजा कुणी घातली असती आणि तबकडी काढायला एक माणूस चाळीसगावच्या स्टेशनावर उतरला असता, तर आज हा प्रश्न एखाद्या तुर्की माणसाने विचारला असता. माझं उत्तर एवढंच आहे, पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

आणि सायकेडेलिक म्हणजे तरी काय हो? नशा केल्यासारखी गुंगी आणणारं संगीत, एवढंच ना? १९५४ च्या ‘नागिन’मधली बीन ही बीन नाहीच, कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर वाजवलेली आहे. तेच वाद्य बीटल्सनी १९६७ मध्ये वापरलं. ती बीन सुरू झाली की आमच्याकडे नवरदेवाचा मामा तोंडात रुमाल धरून रस्त्यावर लोळतो, आज सत्तर वर्षं होतील. साक्री-नवापूरकडची पावरी, आदिवासींचं फुंकून वाजवायचं वाद्य, ऐकलीय का कधी? त्यांच्या डोंगऱ्या देवाच्या उत्सवात ती रात्र रात्र वाजते आणि माणसांच्या अंगात वारं येतं. त्यासाठी कुठली गोळी खावी लागत नाही.

बँजोचंही सांगून टाकतो, कारण पुण्या-मुंबईच्या लोकांना वाटतं ते अमेरिकन वाद्य. आमचा बँजो म्हणजे बुलबुल तरंग. मूळ जपानी, १९१२ मध्ये नागोयाला जन्मलेलं ताइशोगोतो. डाव्या हाताने टाइपरायटरसारखी बटणं दाबायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आवाज भोंग्यात जावा म्हणून त्याला कॉइल बसवून घेतली होती. नखी वगैरे नाही, घरातल्या मोडक्या कंगव्याचा कापलेला तुकडा. आई म्हणायची, या घरात एक कंगवा धड राहत नाही.

आता १९८६ ची ती रात्र. मी तेरा वर्षांचा, भोंगा खांद्यावर घेऊन पळायची माझी नेमणूक. आखाजीनंतरचा, म्हणजे अक्षय तृतीयेनंतरचा आठवडा, तापीपलीकडे चोपडा तालुक्यातल्या एका गावात हळदीची सुपारी. चारशे रुपये ठरलेले, पन्नास इसार. संध्याकाळी वळीव आला, असा आला की मांडवाचं कापड उडून कडुलिंबावर जाऊन बसलं. लाईट गेली. एका भोंग्याचं युनिट तिथेच जळालं. दुसऱ्यात पाणी शिरलं, तो बोलत होता, पण फाटक्या आवाजात. इको मशीन आम्ही ताडपत्रीत गुंडाळून ठेवलेलं. मुंबईहून आणलेलं जुनं मशीन, आत टेपचा गोल पट्टा फिरायचा. एक हेड आवाज भरणार, पुढची तीन तोच आवाज मागाहून ऐकवणार. तो किती वेळा परत यावा यासाठी रिपीटचं बटण. पोरांनी गाडी चिखलातून ओट्यावर चढवताना हँडल त्या बटणावर बसलं आणि बटण मोडलं, तेही पूर्ण पिळलेल्या जागी.

पेट्रोमॅक्स लागला. आप्पांनी बॅटरी जोडली आणि नेहमीप्रमाणे सिनेमाच्या गाण्याने सुरुवात केली. चार सुरांत नुसता राडा. पहिला सूर विझायच्या आत दुसरा त्याच्या अंगावर, तिसरा दोघांच्या, आणि सगळं मिळून भोंग्यातून गिरणीच्या पट्ट्यासारखी घरघर. लोक हसायला लागले. नवरीकडचा एक जण ओरडला, “ओ भाऊ, मशीन बिघडनं शे का तुन्हं डोकं?”

आप्पा थांबले. मशीनकडे पाहिलं, बटण बोटाने चाचपलं, कंगव्याचा तुकडा तोंडात धरला. मग एकच सूर काढला आणि हात वर करून ऐकत उभे राहिले. तो सूर गेला, आला, गेला, आला. प्रत्येक वेळी थोडा मऊ, थोडा वाकडा. टेपचा पट्टा जुना होता, त्यामुळे सूर किंचित डोलत परतायचा. मग दुसरा सूर, पहिल्याला पुरती जागा देऊन. असे पाच सूर झाले तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, ही आखाजीच्या झोक्याची चाल आहे. पोरी कडुलिंबाला झोका बांधून म्हणतात ती. पण इतकी हळू की झोका एका टोकाला गेल्यावर परत येतो की नाही अशी धास्ती वाटावी.

ढोलकीवाला काका हुशार. त्याने आप्पांचा हात सोडून दिला आणि इकोच्या परत येण्यावर ठेका धरला. बाकीचे चार जण गप्पच बसले, आणि बँड पार्टीतल्या माणसाला गप्प बसणं किती जड जातं ते मला विचारा. फाटका भोंगा प्रत्येक सुराला काटे लावून बाहेर सोडत होता. तुमचे गिटारवाले ज्याला फझ म्हणतात आणि त्यासाठी पायाखालच्या पेडलला हजारो रुपये मोजतात ना, तोच आवाज. आम्हाला वळिवाने फुकट दिला.

हळद लावणाऱ्या बायका थांबल्या. ओट्याच्या कडेला बसलेली एक म्हातारी आधी डोलायला लागली, मग तिच्या शेजारची, मग सगळी रांग. नाच नव्हता तो. पुढे-मागे, पुढे-मागे, जागच्या जागी. आखाजीला माहेरी येऊन परत सासरी निघालेल्या बायका होत्या त्यात, झोका सुटून चार दिवस झालेले. कुणी रडलं का? एक-दोघी रडल्या असतील, अंधारात दिसलं नाही. आप्पा मध्येच थांबायला गेले तर म्हातारीने हात हलवला, “राहू दे, राहू दे. आसंच वाजाड.” वीस मिनिटं चाललं ते. शेवटी बॅटरी उतरली तसा सूरच खाली घसरत गेला आणि विझला.

सकाळी हिशेबाला बसलो तर यजमानांनी शंभर कापले. मशीन खराब आणलं म्हणून.

तर सायकेडेलिक पॉप असं झालं आमच्याकडे. तारीख वैशाखातली, ठिकाण तापीकाठ, श्रोते साधारण दोनशे.

पुरावा मागाल. होता. आमचे फुवा, म्हणजे आत्याचे यजमान, सुरतेला कामाला, त्यांचा टू-इन-वन त्या लग्नात फिरत होता. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला ते सगळं भरलं गेलं. ती कॅसेट आमच्याकडे आली, देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात चार वर्षं होती. १९९० मध्ये आमचा जिभाऊ, माझा थोरला चुलतभाऊ, इंजिनिअरिंगला पुण्याला निघाला. जाताना घरातल्या कॅसेटी घेऊन गेला, ‘नाहीतरी भजनंच असतील’ म्हणून. होस्टेलवर कुणाकडून तरी इंग्रजी गाणी मिळाली, त्याने ती त्यावर भरली. गिटार शिकला, केस वाढवले, दिवाळीला घरी येऊन आप्पांसमोर म्हणाला, काका, तुमच्या धंद्यात संगीत कुठंय, नुसता आवाज आहे. आप्पा हसले आणि त्याच्या ताटात अजून एक पुरणपोळी वाढायला सांगितलं. मी हसलो नाही. तेव्हापासून हे भांडण आहे.

खरी मजा पुढेच. आठ-दहा वर्षांपूर्वी याच जिभाऊने मला एक लिंक पाठवली. मोगोल्लार! वर लिहिलं होतं, ‘ऐक, लोकसंगीत कसं वापरायचं असतं ते या लोकांकडून शिकावं.’ मी ऐकलं. चांगलं आहे, उगाच नाव ठेवणार नाही. ती बाग्लामाची कडक तार आणि मागे ऑर्गन, अंगावर काटा आला. पण तो काटा ओळखीचा होता. मी त्याला फक्त एवढंच लिहिलं, ‘बी साईड कुठंय?’ दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

म्हणून तुमच्यासारख्या तरुण मंडळींना सांगतो, बँड काढायचा असेल तर जरूर काढा, पण गिटारचे पेडल मागवायच्या आधी एकदा आजोळी जाऊन माळा चाचपा. कॅसेट सापडली तर मागची प्लास्टिकची टिकली मोडून टाका, मग तिच्यावर कुणाला काही भरता येत नाही. आम्हाला हे तेव्हा कोणी सांगितलं नाही. वहीगायनाच्या, म्हणजे आपल्याकडच्या लोकगायनाच्या, पार्ट्या अजून आहेत, डफ घेऊन रात्र काढतात, त्यांच्यासोबत एक रात्र बसा. कानबाईच्या, आपल्या खान्देशच्या देवीच्या उत्सवाच्या, रात्री गावात थांबा. आणि शहरात शिकायला गेलेल्या थोरल्या भावाला घरातली एकही वस्तू न विचारता नेऊ देऊ नका.

हे सगळं लिहिलं खरं, पण दोन गोष्टी कबूल करायला हव्यात. एक, आप्पांना सायकेडेलिक हा शब्द कधी माहीत नव्हता आणि त्या रात्रीला ते ‘फजिती’ म्हणायचे. दुसऱ्या दिवशी अमळनेरला जाऊन त्यांनी आधी बटण दुरुस्त करून घेतलं. पुढच्या लग्नात परत सिनेमाची गाणी, त्याच चालीने, त्याच वेगाने. मी पुष्कळदा म्हटलं, आप्पा, ते झोक्याचं पुन्हा वाजवा. म्हणायचे, त्याचे पैसे कापतात रे. तेव्हा मोगोल्लारसारखं समजून-उमजून, नाव देऊन, वर्षानुवर्षं कुणी केलं का, असं विचाराल तर नाही. तिथे तुमचा मुद्दा बरोबर आहे.

दुसरी गोष्ट जिभाऊच्या बाजूची. परवा पुतण्याच्या लग्नात डीजे लागला होता, कुठलंसं आहिराणी गाणं, पोरं बेभान. आम्ही दोघे मांडवाच्या मागे खुर्च्या टाकून बसलो. मी पुन्हा कॅसेट काढली. तो म्हणाला, “कॅसेट मी पुसली, मान्य. पण आप्पांचं इको मशीन कोणी विकलं?”

मीच विकलं. १९९९ मध्ये, जळगावला, कीबोर्ड घ्यायला पैसे कमी पडत होते म्हणून. साडेसातशे आले.