पहिल्या महिन्यात एवढंच कर

तुझी नव्या सवयींची यादी वाचली. पहाटे उठणं, व्यायाम, वाचन, लेखन, सगळं सोमवारपासून. उत्साह बघून बरं वाटलं, पण माझं ऐक, यातलं एकच ठेव. मी पाच गोष्टी एकदम धरल्या होत्या आणि तिसऱ्या आठवड्यात पाचही सुटल्या.

२१ दिवसांत सवय लागते, हे डोक्यातून काढ. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१०च्या सुमारास प्रसिद्ध झाला. त्यात साधारण ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसांत फरक तर १८पासून २५४ दिवसांपर्यंत! म्हणून बाविसाव्या दिवशीही कंटाळा आला तर स्वतःला आळशी ठरवू नकोस. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, असंही दिसलं. मला याचा फार आधार वाटला.

आता खरं काम. 'रोज वाचेन' असं म्हणू नकोस. 'रात्री दात घासले की दोन पानं वाचेन' असं ठरव. आधीच पक्क्या असलेल्या कामाला नवं काम जोडलं की आठवण वेगळी करून द्यावी लागत नाही. पुस्तक उशीवरच ठेव, फोन दुसऱ्या खोलीत. दोन पानं हास्यास्पद वाटतील, वाटू देत. दमलेल्या दिवशीही जमेल एवढंच माप हवं. वाढवायचं नंतर बघू.

कॅलेंडरवर फुली मारत जा. अ‍ॅप नसलं तरी चालतं.

महिन्याने कळव, कुठे अडलं ते.