लाल-पांढऱ्या कॉलनी वाचताना
टेलोमिअरजवळ (क्रोमोसोमच्या टोकाजवळ) एडीई२, म्हणजे अ‍ॅडेनिन बनवायला लागणारं जीन, बसवलेलं यीस्ट घेतलंयस, तर प्लेटमध्ये अ‍ॅडेनिन कमीच ठेव, लिटरला साधारण १० मिलिग्रॅम. जास्त झालं की लाल रंग चढत नाही. ३० अंशांवर तीन दिवस, मग काही दिवस फ्रिजमध्ये. रंग तिथे गडद होतो. सांगलीच्या एप्रिलमध्ये कूलिंग नसलेला इन्क्युबेटर ३० वर उतरणारच नाही, ते आधी बघ.

लाल म्हणजे जीन गप्प, पांढरी म्हणजे चालू. पण मायटोकॉन्ड्रिया बिघडलेल्या ‘पेटिट’ पेशीही पांढऱ्याच दिसतात, इथेच बहुतेकजण फसतात. पांढरी कॉलनी ग्लिसरॉलच्या प्लेटवर लाव. वाढली नाही तर पेटिट. मग लाल आणि पांढरी, दोन्ही पुन्हा स्ट्रीक कर. दोन्हींतून परत मिश्र पट्टे उमटले तरच एपिजेनेटिक म्हण, म्हणजे डीएनए न बदलता जीन चालू-बंद होतंय. ५ मिलिमोलर निकोटिनामाइडने सर२ (जीन गप्प ठेवणारं प्रथिन) अडतो, लाली जाते. हा कंट्रोल सोडू नकोस.